हजार कोटींचा मामा

२०२४ च्या जुलै महिन्यात आमच्या घरात तीन बजेटं एकदम आली.

पहिलं देशाचं. २३ जुलैला अर्थमंत्र्यांनी सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं. अशी बातमी दिल्लीहून निघाली, की जळगावात टीव्हीच्या आधी सराफ बाजारात पोहोचते. आमच्या हिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मधले ९ टक्के इतकी वर्षं मीच खात होतो.

दुसरं बजेट चुलतभावाचं. पारोळ्याजवळच्या त्याच्या शेतात कपाशी लागून महिना झाला होता. बियाण्याची पिशवी ८६४ रुपये. त्यावर खत, फवारणी, निंदणीची मजुरी. त्याचं बजेट वहीत नसतं, कपाळावर असतं. आठ्या मोजायच्या आणि आकडा समजून घ्यायचा.

तिसरं बजेट माझं. धुळ्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुमच्या नावावर शंभर मिलियन पौंड टाकलेत. १६ ऑगस्टच्या रात्री अकराच्या आत संपवा."

मी एकतीस वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात काढली आहेत. असलं वाक्य मी दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ऐकलेलं आहे. आकडा तेवढा जरा मोठा होता. शंभर मिलियन म्हणजे दहा कोटी. पौंडाचा भाव तेव्हा १०७ रुपयांच्या आसपास होता. गुणाकार केला, तर हजार कोटींच्या वर गेला. ज्या माणसाने आयुष्यभर टाचण्यांच्या डबीच्या बिलावर तीन सह्या मागितल्या, त्याच्या खिशात ताईच्या पोराने हजार कोटी घातले होते.

आमची माय ऐंशीच्या पुढची आहे. माहेर आणि सासर दोन्ही अमळनेर तालुक्यातलं, त्यामुळे बोलणं अहिराणीत आणि विचारणं थेट. माझा चेहरा पाहून तिने विचारलं, "पैसा खरा शे का?"

"नाही माय, खेळातला आहे."

"मंग इतला घाम कसाले?"

या प्रश्नाचं उत्तर मला पुढचे दहा महिने सापडलं नाही.

ज्यांना भाचा नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर चालणारा हा फँटसी खेळ २००२ पासून आहे आणि जगभरात एक कोटीहून जास्त लोक तो खेळतात. एक रुपया लागत नाही. दिलेल्या शंभर मिलियनमध्ये पंधरा खेळाडू घ्यायचे : दोन गोलकीपर, पाच बचावाचे, पाच मधल्या फळीचे आणि तीन पुढचे. त्यांतले अकरा दर आठवड्याला खेळवायचे, चार बाकावर. खरा खेळाडू तिकडे मैदानावर जे करेल, त्याचे गुण इकडे तुम्हाला. एकाला कर्णधार केलं, की त्याचे गुण दुप्पट. आठवड्याला एक बदल फुकट, त्यावर प्रत्येक बदलाला चार गुण दंड.

आणि एका क्लबातले तीनच खेळाडू घ्यायचे. हा नियम मायला लगेच कळला. आमच्याकडे लग्नाची आवतणं दोन प्रकारची असतात. एक घरटी मोजून, आणि दुसरं चूलबंद. म्हणजे त्या दिवशी घरातली चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी यायचं. इंग्लंडात चूलबंद आवतण नाही. एका घरचे तिघंच. "गरीब दिसतस बिचारा," माय म्हणाली.

आता प्रश्न असा, की खान्देशातल्या माणसाला फुटबॉल कुठून कळणार? कोल्हापूरची गोष्ट वेगळी. तिथे तालमींचे संघ आहेत, पेठापेठांची ईर्षा आहे, शाहू स्टेडियमवर गर्दी आहे. आमच्या शाळेत फुटबॉल म्हणजे क्रीडासाहित्याच्या कपाटात, मलखांबाच्या तेलाशेजारी ठेवलेली एक चपटी वस्तू होती. तपासणीला साहेब आले, की तिच्यात हवा भरायची आणि ते गेले, की हवा आपोआप जायची. ऊन पंचेचाळीस अंशांवर असताना नव्वद मिनिटं चेंडूमागे धावणाऱ्याला आमच्याकडे खेळाडू म्हणत नाहीत, सावलीत नेऊन कांदा हुंगवतात.

पण फँटसीची गंमत अशी, की तिला फुटबॉल कळावा लागत नाही, हिशेब कळावा लागतो. आणि हिशेबाबद्दल मला गर्व होता.

मी संघ बसवला तो शुद्ध सरकारी पद्धतीने. सरकारी पद्धतीत आधी मोठी कामं मंजूर करतात. नॉर्वेचा हालांड, १५ मिलियन. इजिप्तचा सालाह, साडेबारा. पामर, साडेदहा. साका, दहा. वॉटकिन्स, नऊ. बेरीज सत्तावन्न. पाच माणसांत निम्म्याहून जास्त खजिना गेला. उरले त्रेचाळीस मिलियन आणि भरायच्या दहा जागा. म्हणजे सरासरी ४.३.

बाजारात सगळ्यांत स्वस्त गोलकीपर आणि बचावाचा खेळाडू चारला, बाकीचे साडेचारला. त्या भावात जे मिळतात त्यांच्याकडे मी किंमत बघून गेलो, नाव नंतर वाचलं. त्या वर्षी खालच्या विभागातून तीन क्लब नव्याने वर आले होते : लेस्टर, इप्सविच आणि साउथॅम्प्टन. स्वस्त माणसं तिथे भरपूर. मी तिन्ही घरांतून प्रत्येकी तिघं उचलली, दहावा दुसरीकडून आणला, आणि शेवटी खात्यावर शिल्लक पाहिली : ०.०.

एकतीस वर्षांच्या नोकरीत इतकं समाधान मला एकाच तारखेला व्हायचं, ३१ मार्चला. निधी उरला की परत जातो, हे आमच्या हाडात मुरलेलं. भाच्याला अभिमानाने फोन केला.

"मामा, खात्यात काहीच ठेवलं नाही?"

"एक दमडीसुद्धा नाही."

"आणि बाकावरचे चार?"

"बाकावर बसायला कोणीही चालतो रे. बसायचंच तर आहे."

पलीकडून भाच्याचा सुस्कारा ऐकू आला. तो धुळ्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्याकडे तक्ते, आलेख, पुढच्या सहा सामन्यांचं वेळापत्रक, सगळं होतं. त्याने सालाह घेतला, पण हालांड सोडला. हजार कोटी हातात असून बाजारातली सगळ्यांत महागडी वस्तू घेत नाही, म्हणजे काय! मला तो कंजूष वाटला. जळगाव आणि धुळ्यात हाच फरक, असंही मी हिला म्हणालो. एकाच गावात सोनं आणि केळी दोन्ही पिकली, की माणसाचा हात सैल होतो.

त्याच आठवड्यात रक्षाबंधन होतं. १९ ऑगस्ट, सोमवार. मी एरंडोल-पारोळा मार्गे अडीच तासांची एसटी करून धुळ्याच्या देवपुरात ताईकडे पोहोचलो. हंगामाचा पहिला आठवडा तोवर जवळजवळ आटोपला होता आणि मी हवेत होतो. सालाहने शनिवारी गोल केला, एक गोल करवला. साकाने तेच केलं. हालांडने रविवारी चेल्सीविरुद्ध गोल घातला. ताईने ओवाळलं. मी ताटात पाचशेची नोट ठेवली.

"मामाकडे हजार कोटी आहेत, आई," भाचा म्हणाला.

ताईने नोट उलटीपालटी करून बघितली. "मग हे काय, टीडीएस कापून?"

नंतरचे दोन आठवडे तर हालांडने कहर केला. २४ ऑगस्टला तीन गोल, ३१ ऑगस्टला पुन्हा तीन. पहिल्या चार सामन्यांत त्याचे नऊ गोल झाले. मी रोज संध्याकाळी मेहरूण तलावावर फिरायला जायचो आणि भेटेल त्याला सांगायचो, की माणसाने आयुष्यात एक वस्तू तरी महागडी घ्यावी.

पण रोजच्या जेवणात नुसता श्रीखंडाचा डबा असून चालत नाही, पोळी लागते. माझे पाच राजे कमवत होते आणि दहा गडी खात होते. बचावाच्या खेळाडूला मुख्य गुण मिळतात ते संघाने गोल खाल्ला नाही तर. माझ्या तिन्ही क्लबांची गोल खाण्याची ताकद आमच्या खान्देशी पाहुण्यांच्या पुरणपोळी खाण्याच्या ताकदीइतकी होती. वाढणारा थकेल, खाणारा थकत नाही. पुढे हंगाम संपला तेव्हा लेस्टर, इप्सविच आणि साउथॅम्प्टन हे तिन्ही क्लब जसे वर आले होते तसे खाली गेले. साउथॅम्प्टन तर सात सामने बाकी असतानाच गेला आणि ३८ सामन्यांत त्याला १२ गुण मिळाले. मी त्या बुडत्या तीन होड्यांत नऊ माणसं बसवली होती, आणि तीसुद्धा स्वस्त पडतात म्हणून.

एव्हाना मला खेळाडूंच्या भावाचं व्यसन लागलं होतं. इथे खेळाडूचा भाव रोज हलतो. जास्त लोकांनी घेतला की वर, विकला की खाली. आणि विकताना एक मेख आहे. तुम्ही सहाला घेतलेला खेळाडू ६.४ झाला, तर विकताना तुम्हाला ६.४ मिळत नाहीत, ६.२ मिळतात. नफ्यातला अर्धा वाटा खेळ चालवणारे ठेवून घेतात. भाच्याला वाटलं, मी चिडेन. छे! जळगावच्या माणसाला हे नवीन नाही. घ्यायला गेलं की घडणावळ आणि मोडायला गेलं की घट. दोन्हींच्या मधे जे उरतं त्याला आपण दागिना म्हणतो.

मला खरं आश्चर्य वाटलं ते सालाहच्या कागदपत्रांचं. हा माणूस जन्मभर गोल करत आलाय, पण खेळाच्या दप्तरी त्याची नोंद मधल्या फळीचा म्हणून. त्यामुळे पुढच्या खेळाडूला गोलाचे चार गुण, तर याला पाच. मी चुलतभावाला फोनवर हे समजावलं. तो लगेच म्हणाला, "म्हणजे सातबाऱ्यावर जिरायत आणि पाणी बारमाही. असली जमीन कोणी विकतं का?"

हे त्याने विचारलं आणि मी विकली.

झालं असं, की १४ सप्टेंबरला लिव्हरपूल आपल्याच मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून एका गोलने हरलं. सालाह कोरडा. मला वाटलं, वय झालं. बत्तीस वर्षांचा आहे, साडेबारा मिलियन अडकलेत. ते मोकळे केले तर? सालाहच्या जागी त्याच संघातला साडेसातचा डिआझ घेतला, वाचलेले पाच एका दरिद्री गड्याच्या जागी ओतले आणि दुसऱ्या बदलाचा चार गुणांचा दंडही भरला. माय बाजूला पोथी वाचत होती.

"काय लिधं?"

"एक विकला, दोन घेतले."

"पितरपाटात?" तिने चष्मा काढला. "पितरपाटात कोणी नवं लेस का?"

ती अंधश्रद्धा म्हणून मी सोडून दिलं. आणि २१ सप्टेंबरला, ऐन पितृपक्षात, डिआझने दोन गोल केले. मी ताईकडच्या कुटुंबाच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं पाठवली. पितर पावले होते.

पितर काय पावतात ते पुढच्याच आठवड्यात कळलं. २८ सप्टेंबरला माझ्या पामरने ब्रायटनविरुद्ध पहिल्याच अर्ध्यात चार गोल केले. चार! आणि माझा कर्णधार होता हालांड, जो त्याच दिवशी न्यूकॅसलहून हात हलवत परतला. गुण दुप्पट झाले ते त्याच्या शून्य कामगिरीचे. आणि सालाहने त्या दिवशीही गोल केला. त्यानंतर सालाह जो सुटला, तो सुटलाच. जवळजवळ दर आठवड्याला एक तर तो गोल करायचा नाही तर करवायचा. माझ्या घरातून गेलेली लक्ष्मी दर शनिवारी समोरच्या घरात पाणी भरताना मला दिसत होती.

परत घ्यावा, तर त्याचा भाव तेराच्या वर गेलेला. माझे साडेबारा तर डिआझमध्ये आणि त्या दरिद्री गड्याच्या जागी आलेल्यात विरघळलेले.

अशा वेळी अमळनेरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते. १९४५ मध्ये आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण, एवढाच त्याचा पसारा. त्याचे शेअर गावातल्या लोकांनी घेतले : कोणी विश्वासाने, कोणी ओळखीपोटी, तर कोणी नाही म्हणता आलं नाही म्हणून. पुढे त्या कारखान्याची विप्रो झाली. ज्यांनी ते कागद ट्रंकेच्या तळाशी टाकले आणि विसरून गेले, ते कोट्यधीश झाले. ज्यांनी हुशारी केली, ते विकून मोकळे झाले. आमच्या नात्यातल्या एका काकांनी हुशारी केली होती. शेअर विकून त्यांनी स्कूटर घेतली. स्कूटर उत्तम चालायची. काका तिच्यावरून गावभर फिरायचे आणि न विकणाऱ्यांच्या बंगल्यांसमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचे. गावात बंगले वाढत गेले, तशी काकांची मान कायमची वाकडी झाली.

डिआझ ही माझी स्कूटर होती.

डिसेंबर आला. खान्देशात डिसेंबर म्हणजे भरीत. आमच्या भरताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळालं नसतं तरी आम्ही खाल्लंच असतं, आता फक्त सरकारमान्य खातो. २२ डिसेंबर, रविवार. चुलतभावाच्या शेतात भरीत पार्टी ठरली, साठ माणसांची. कारभार मायच्या हातात.

मी लेखाधिकाऱ्याच्या थाटात वही उघडली. "बोल माय. आधी वांगी लिहू?"

"वांगा मांगून," ती म्हणाली. "पहिले शेवटनी पंगत मोज."

मला कळेना. ती सांगत गेली. पहिल्या पंगतीला पाहुणे बसतात. त्यांना मिळणारच, त्यांची काळजी करायची नसते. दुसरीला पोरं, घरची पुरुषमंडळी. शेवटी कोण बसतं? पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजणाऱ्या, बडगीत मुसळीने ती ठेचणाऱ्या, कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या बाया, आणि पाणी वाहणारा सालदार. त्यांच्या ताटात भरीत, भाकर, मिरचीचा ठेचा आणि कांद्याची पात उरली, तर पार्टी झाली. नाही उरली, तर पाहुणे कितीही ढेकरा देऊन गेले तरी गावात नाव जातं. म्हणून हिशेब शेवटच्या ताटापासून सुरू करायचा आणि पुढे यायचं. जे वरचं उरेल, त्याची जिलबी.

मी वही हातात धरून उभा राहिलो. एकतीस वर्षं मी अंदाजपत्रकं वरून खाली वाचली होती. ही बाई खालून वर वाचत होती.

हालांड ही जिलबी होती. आणि मी पंधरा जणांच्या पंगतीत आधी जिलबीची ऑर्डर देऊन आलो होतो.

आदल्या रात्रीच साकाच्या मांडीचा स्नायू दुखावला होता. तो आता तीनेक महिने दिसणार नव्हता. असं झालं, की बाकावरचा माणूस उठून आत येतो. माझ्या बाकावर जे बसले होते, ते आपापल्या क्लबातही बाकावरच बसत होते. म्हणजे एक बाक रिकामं झालं म्हणून मी दुसरं बाक आणून तिथे ठेवलं.

रात्री दहाला शेवटची पंगत बसली. तिकडे त्याच वेळी टॉटनहॅम आणि लिव्हरपूलचा सामना सुरू झाला. मी सालदाराशेजारी बसलो. त्याच्या ताटात भरताचा डोंगर, वर कच्च्या तेलाची धार. माझ्या मोबाइलमध्ये सालाह. त्याने त्या रात्री दोन गोल केले आणि दोन करवले. लिव्हरपूल ६-३ ने जिंकलं. भाच्याने त्याला कर्णधार केलं होतं. तो धुळ्याहून आलेला, जाळाच्या उजेडात शांतपणे भाकर मोडत होता. जिंकणारा माणूस इतका शांत असला, की हरणाऱ्याला जेवण जात नाही.

"मामा, वाइल्डकार्ड आहे ना तुमचं अजून?"

वाइल्डकार्ड म्हणजे पंधराच्या पंधरा खेळाडू एका फटक्यात दंडाशिवाय बदलायची मुभा. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात एक, दुसऱ्यात एक. चुलतभाऊ निखारे सारत होता. त्याने विचारलं, म्हणजे काय? भाच्याने सांगितलं, की पीक बसलं नाही, तर सगळं मोडून पुन्हा पेरायचं.

"दुबार पेरणी," चुलतभाऊ म्हणाला. "मग बियाणं कोण देतं?"

"कोणी नाही. फुकट असतं."

"फुकट दुबार पेरणी?" तो हसला, पण निखाऱ्याकडे बघून.

त्या रात्री शेतातच, नेटवर्क यावं म्हणून विहिरीच्या कठड्यावर चढून, मी मायच्या पद्धतीने संघ बसवला. आधी पंधरावा माणूस. भाव स्वस्त पण दर आठवड्याला खेळणारा. मग चौदावा. मग तेरावा. नवीन आलेल्या तिन्ही क्लबांची आवतणं रद्द. फॉरेस्टचा ख्रिस वूड, जो हंगामाच्या सुरुवातीला सहाला मिळत होता. ब्रेंटफर्डचा एम्ब्युमो, जो सातला मिळत होता. ही पोरं मी ऑगस्टमध्ये यादीत पाहिली होती आणि नाव मोठं नाही म्हणून पुढे सरकलो होतो. हंगामअखेर दोघांचेही लीगमध्ये वीस-वीस गोल झाले. त्याच्या आदल्या हंगामात तर हाच पामर पाचला मिळत होता, आणि त्याने २४४ गुण मिळवून सगळ्या खेळाडूंत पहिला नंबर काढला होता. आसोद्याच्या बाजारात जुनी माणसं वांगं हातात घेऊन वजन बघतात, देठ बघतात, मग भाव विचारतात. मी आधी भाव विचारला होता, आणि जास्त सांगितला म्हणून माल चांगला समजलो होतो.

सालाह परत आणायला हालांडला निरोप द्यावा लागला. दिला. डोळ्यांत पाणी आलं, पण पऱ्हाट्यांचा धूरही होता. चारच दिवसांनी, २६ डिसेंबरला, हालांडने एव्हर्टनविरुद्ध पेनल्टी दवडली. मी मायला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "दुसऱ्याच्या पोराचं वाईट झालं म्हणून हसू नको." तेवढं तिने शुद्ध मराठीत सांगितलं. रागावली, की ती अहिराणी सोडते.

हंगाम २५ मे २०२५ ला संपला. लिव्हरपूलने लीग जिंकली. सालाहने २९ गोल केले, १८ करवले, आणि फँटसीत ३४४ गुण मिळवले. या खेळात एका हंगामात इतके गुण आजवर कोणाचेच झाले नव्हते. त्यांतला सप्टेंबर ते डिसेंबरचा मलिदा माझ्याशिवाय सगळ्यांनी खाल्ला.

आमच्या कुटुंबाच्या लीगमध्ये सात जण होते. भाचा पहिला. मी सहावा. सातवे आमचे मेहुणे. त्यांनी ऑगस्टमध्ये भाच्याच्या आग्रहाखातर संघ बनवला, पासवर्ड विसरले आणि पुन्हा ॲप उघडलंच नाही. मला हे सांगायला लाज वाटते, पण मार्चपर्यंत ते माझ्या पुढे होते. त्यांच्या संघात सालाह होता. त्यांनी तो ट्रंकेच्या तळाशी टाकलेला होता.

नोकरीतून निवृत्त होताना मला साहेबांनी शाल-श्रीफळ देऊन सांगितलं होतं, की आर्थिक शिस्त म्हणजे काय हे तुमच्याकडून शिकावं. कोणी शिकलं नसेल, अशी आता मी आशा करतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये देशात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. क्रिकेटच्या फँटसीत शंभर क्रेडिटांचा संघ बसवून पैसे लावणारे गल्लीतले बरेच जण एका दिवसात मोकळे झाले. हिने मला विचारलं, "तुमचंही बंद?" मी म्हटलं, आमच्यात पैसा नसतोच, फक्त घाम असतो, आणि घामावर अजून बंदी नाही.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी, पोळ्याच्या आधी, मी चुलतभावाकडे गेलो होतो. कपाशी कमरेएवढी झाली होती. बियाण्याची पिशवी त्या वर्षी ९०१ रुपये. मागल्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता आणि व्यापारी त्याच्या खालीच बोलत होते. ती तूट अजून त्याच्या वहीत होती, म्हणजे कपाळावर. मी बांधावर बसून मोबाइल उघडला. नवा हंगाम सुरू होत होता.

"यंदा किती दिले?" त्याने विचारलं.

"शंभर."

"आणि मागल्या वर्षी तू जे घालवलेस ते?"

"ते पुसतात. दर ऑगस्टला सगळ्यांची पाटी कोरी. पहिल्यालाही शंभर, शेवटच्यालाही शंभर."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि पडद्यावरचे ते शंभर मिलियन, हजार कोटींच्या वरचे, जवळ धरून पाहिले.

"रक्कम जाऊ दे," तो म्हणाला. "मागचं पुसून नवं देणारं ऑफिस कुठे आहे, तेवढा पत्ता दे."